छातीतली गाठ लपवू नका
(कारधा येथे प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढे जो विषय मांडणार आहोत, तो ऐकून मागच्या ओळीतले काही जण हसतील. हसा. आम्हीही एकदा हसलो होतो. त्या हसण्याची किंमत पुढे फार मोठी मोजावी लागली. ती गोष्ट सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

विषय आहे पुरुषाच्या छातीत येणारी गाठ.

आम्ही डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. तेव्हा औषध सांगायचा आम्हाला अधिकार नाही. पण जे डोळ्यांनी पाहिले, जे अंगावर भोगले आणि जे जाणत्या डॉक्टरांना विचारून घेतले, तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट. पुरुषाला स्तन असतो का? असतो. मुलगा असो की मुलगी, लहानपणी दोघांच्याही बोंडीखाली थोडा सारखाच गर असतो. मुलगी वयात आली की तिचा वाढतो. मुलाचा तेवढाच राहतो. पण तो नाहीसा होत नाही. जिथे गर आहे तिथे गाठ येऊ शकते. आणि गाठ कधी साधी असते, कधी कॅन्सरची असते.

आता आमच्या सोबत्याची गोष्ट ऐका.

वैनगंगेवर मासेमारी करणारा आमचा एक बालपणचा सोबती होता. त्याचे नाव सांगत नाही. त्याच्या घरची मंडळी आजही आपल्यात आहेत. डोंगा चालवून त्याचे दंड लोखंडासारखे झाले होते. शाळेत तो आमच्याबरोबर दुसरीपर्यंत होता. पुढे नदीनेच त्याला शिकवले. पण कुठलाही कागद आला, कुठलीही अडचण आली, की तो आमच्याकडे यायचा. "गुरुजीले इचारतो," म्हणायचा.

२०१६ सालचा श्रावण होता. रोवणी आटोपली होती. आम्ही घाटावर बसलो होतो. त्याने बंडी वर केली आणि म्हणाला, "गुरुजी, हे पाहा बरं. इथं गाठ आली जी."

आम्ही बोट लावून पाहिले. डाव्या बोंडीच्या जरा बाजूला, लाखोरीच्या दाण्याएवढी गाठ होती. खड्यासारखी टणक.

आम्ही विचारले, "दुखते का?"

"नाही जी. बिलकुल नाही दुखत."

तेव्हा आम्ही हसलो. म्हणालो, "मग कायले घाबरतोस? न दुखणारी गाठ म्हणजे चरबीची. आणि छातीचं दुखणं बायकांना होतं. तू काय बाई आहेस?"

तोही हसला. बंडी खाली केली. गोष्ट तिथेच संपली.

मंडळी, तो अडाणी होता म्हणून चुकला नाही. त्याने विचारले होते. चुकलो आम्ही. चार अक्षरे शिकलेल्या माणसाने माहीत नसलेल्या गोष्टीवर ठामपणे उत्तर दिले. "मला माहीत नाही, चल दवाखान्यात," एवढे म्हणायला हवे होते. पूल ओलांडला की भंडारा. पण ते म्हटले नाही.

पुढे सव्वा वर्ष गेले. २०१७ च्या दिवाळीनंतर त्याच्या बायकोला धुण्यात बंडीवर रक्ताचा डाग दिसला. एकदा दिसला, दोनदा दिसला. तिने विचारले तर म्हणाला, डोंग्याची खपली लागली. मग बोंडी आत ओढली गेली. मग तिथे जखम झाली. शरमेने तो कोणाला दाखवेना. कोणीतरी सांगितले म्हणून लेप लावला. कोणीतरी सांगितले म्हणून डाग दिला. जखम वाढली. शेवटी काखेत गाठ आली आणि हात वर होईना, तेव्हा डोंगा चालवणे बंद पडले. पोट बंद पडले तेव्हा तो दवाखान्यात गेला.

भंडाऱ्याहून नागपूरला पाठवले. तिथे तपासणी झाली. कॅन्सर निघाला, आणि तो हाडापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी उपचार केले. त्याला त्रास कमी झाला, काही महिने बरेही गेले. पण २०१९ च्या उन्हाळ्यात तो गेला.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एकच प्रश्न विचारला होता. "गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हा का नाही आणलंत?" आम्ही मान खाली घातली. उत्तर नव्हते.

आता आमच्या स्वतःच्या अंगावरची गोष्ट.

२०२२ साली आंघोळ करताना आम्हालाच उजव्या बोंडीखाली गाठ लागली. वाटोळी, चकतीसारखी. आणि ती दुखत होती. बंडीचा कपडा घासला तरी झोंबत होती. तुम्हाला वाटेल, सोबत्याचे मरण डोळ्यांनी पाहिलेला माणूस दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेला असेल. नाही गेलो. तीन महिने लपवली. सगळे ठाऊक असून लपवली. भीती आणि शरम या दोन बहिणी आहेत. शिकलेल्याच्या घरीही त्या मुक्काम करतात.

शेवटी घरच्यांनी ओळखले. म्हणाल्या, "अवो, अलीकडे अंधारात आंघोळ करता. पोरांसमोर बंडी काढत नाही. का झालं?" आम्ही काही बोललो नाही. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या सोबत्याच्या घरी मी तेराव्याला भाकरी थापल्या. माझ्या घरी कोणी थापायला नको. उद्या सकाळच्या गाडीनं जायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो.

दवाखान्यात काय करतात, हे नीट सांगतो. कारण माणूस रोगाला जेवढा भितो, त्याहून जास्त न पाहिलेल्या तपासणीला भितो.

शाळेत आपण मुलाची एकच परीक्षा घेऊन निकाल लावत नाही. डॉक्टरही तसेच. छातीच्या गाठीच्या तीन परीक्षा असतात.

पहिली परीक्षा हाताची आणि प्रश्नांची. डॉक्टर दोन्ही बाजूंची छाती बोटांनी चाचपतात. एक बाजू दुखते म्हणून एकच पाहत नाहीत. काखा पाहतात, गळ्याची बाजू पाहतात. पोट दाबून यकृत पाहतात. पुरुषाचे अंडही तपासतात. लाजू नका. अंडाच्या काही रोगांमुळेही छाती वाढते, म्हणून ते पाहावे लागते. मग प्रश्न विचारतात. गाठ कधीपासून आहे? वाढते आहे का? बोंडीतून पाणी किंवा रक्त येते का? कोणती औषधे चालू आहेत? दारू किती? घरात आई, बहीण, मावशी, आत्या, भाऊ यांना असा रोग होता का? खरे सांगा. दारूची गोष्ट लपवाल तर डॉक्टर चुकीच्या वाटेने जातील.

दुसरी परीक्षा चित्राची. एक म्हणजे सोनोग्राफी. थंड चिकट पदार्थ लावून वरून एक यंत्र फिरवतात. काहीही दुखत नाही. दुसरी मॅमोग्राफी. छाती दोन पाट्यांत दाबून एक्स-रे काढतात. थोडा वेळ दाब सोसावा लागतो. आम्ही तिथे गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर सगळ्या बायका, आणि मध्ये आम्ही एकटे. एक बाई आमच्याकडे पाहून म्हणाली, "बाबाजी, आईले घेऊन आले का?" आम्ही म्हणालो, "नाही बाई, स्वतःलेच घेऊन आलो." ती हसली नाही. सरकून बसायला जागा दिली.

तिसरी परीक्षा सुईची. तिला बायोप्सी म्हणतात. कातडी बधिर करून सुईने गाठीतला लहानसा तुकडा काढतात. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. सगळे भांडे उपसावे लागत नाही. तसा हा तुकडा प्रयोगशाळेत दुर्बिणीखाली पाहतात. गाठ साधी की कॅन्सरची, याचा पक्का निकाल इथे लागतो. काही लोक म्हणतात, सुई लावली की कॅन्सर पसरतो. ही भीती खोटी आहे. कॅन्सर पसरतो तो वेळ घालवल्याने.

प्रत्येकाला तिन्ही परीक्षा लागतातच असे नाही. हाताने पाहून आणि चित्र पाहून डॉक्टरांची खात्री पटली, तर सुई लागत नाही. शंका राहिली तर मात्र सुईला नाही म्हणू नका.

आमचा निकाल काय लागला? साधी गाठ. हृदयाच्या दुखण्यासाठी आम्ही अंगातले पाणी उतरवणारी एक गोळी घेत होतो. त्या गोळीने काही पुरुषांची छाती वाढते. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. काही महिन्यांत गाठ विरली. पण ऐका. गोळी डॉक्टरांनी बदलली, आम्ही नाही. तुमची एखादी गोळी चालू असेल तर आजचे भाषण ऐकून ती बंद करू नका. तसे कराल तर छाती वाचवायला जाऊन हृदय गमवाल.

आता दोन्ही गाठी शेजारी ठेवून पाहा. आमची गाठ दुखत होती, ती साधी निघाली. सोबत्याची दुखत नव्हती, ती जिवावरची निघाली. आपल्या गावात उलटे समजतात. दुखते ते वाईट, न दुखते ते बरे. हाच समज माणसाला मारतो. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नाही. पण दुखणारी प्रत्येक गाठ साधीच, असेही धरू नका. बोटाने पाहून निकाल लावणे आपले काम नाही. आपले काम एवढेच, की गाठ डॉक्टरांच्या हाताखाली न्यावी.

साध्या गाठी कोणाला येतात, तेही सांगतो. म्हणजे उगीच घाबरणार नाही.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाची छाती कधी सुजते. मुलगा असला तरी सुजते. आईच्या अंगातील रस बाळात उतरलेले असतात, त्याने असे होते. ती आपोआप उतरते. काही घरी ती पिळून दूध काढतात. तसे करू नका. पिळल्याने पू होतो.

वयात येणाऱ्या मुलाची छाती सुजते. आठवी-नववीची पुष्कळ पोरे यातून जातात. बहुतेकांची दोन वर्षांच्या आत उतरते. आमच्या शाळेत एक मुलगा कबड्डीला सदरा काढायला तयार नसे. पोरे त्याला चिडवत. पुढे तो शाळेतच येईना. हेडमास्तर म्हणून आम्ही त्याला आळशी समजलो. आज कळते, तो आळशी नव्हता. तेव्हा घरात असा पोरगा असेल तर त्याला हसू नका.

उतारवयात छाती वाढते. दारूने यकृत बिघडले की वाढते. काही औषधांनी वाढते. अंग फार सुटले की नुसती चरबीही साचते. बहुतेक वेळा अशी वाढ बोंडीच्या खाली सारखी गोल असते, रबरासारखी लवचीक असते, हाताला सरकते.

मग सावध कधी व्हायचे? गाठ टणक असेल. एकाच बाजूला असेल. बोंडीच्या मधोमध नसून बाजूला असेल. खालच्या मांसाला किंवा वरच्या कातडीला चिकटलेली असेल. बोंडी आत ओढली जात असेल. बोंडीतून रक्त येत असेल. कातडीला खळगा पडला असेल किंवा जखम बरी होत नसेल. काखेत गाठ आली असेल. यातले एकही चिन्ह दिसले तर त्याच आठवड्यात दवाखाना.

हा रोग पुरुषाला क्वचित होतो. स्तनाच्या कॅन्सरचे शंभर रोगी धरले, तर त्यांत पुरुष साधारण एक. बहुतेक जण पन्नाशी-साठी ओलांडलेले. पण जो एक असतो, त्याच्या घरासाठी तो शंभरात एक नसतो. तो एकुलता एक असतो.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. अमेरिकेत बियॉन्से नावाची जगप्रसिद्ध गायिका आहे. तिचे वडील मॅथ्यू नोल्स. २०१९ साली त्यांना सदऱ्यावर रक्ताचा लहानसा ठिपका दिसू लागला. बायकोने सांगितले, चादरीवरही असे ठिपके दिसतात. ते तपासायला गेले. कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली. मग त्यांनी स्वतः दूरदर्शनवर येऊन साऱ्या जगाला ही गोष्ट सांगितली. आमच्या सोबत्याच्या बंडीवरही तसाच डाग होता. त्यांनी डाग दाखवला, याने लपवला.

नोल्स यांच्या तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली. काही घराण्यांत हा रोग रक्ताच्या नात्याने उतरतो. आईबापाकडून मुलांना जे गुण मिळतात, त्यांचे बीज शरीरात असते. त्यातल्या एका बीजात दोष असला की कॅन्सरचा धोका वाढतो. शास्त्रज्ञांनी हे बीज १९९५ साली शोधले. त्याचे नाव बीआरसीए-दोन. दोष असलेल्या बापाकडून तो मुलाला जाऊ शकतो, तसाच मुलीलाही. म्हणून पुरुषाला हा रोग झाला तर डॉक्टर त्याच्या बहिणींची आणि मुलींची चौकशी करतात. सोबत्याच्या मुलीला आम्ही हे समजावून सांगितले. आधी ती रडली. आता ती वेळच्या वेळी तपासणीला जाते. बापाच्या वेळी जी चूक झाली ती लेकीच्या वेळी होऊ देणार नाही, एवढे आमच्या हातात उरले होते.

लवकर सापडला तर या रोगावर इलाज आहे. शस्त्रक्रिया करून गाठ काढतात. गरजेप्रमाणे किरण देतात, औषधे देतात. पुरुषाच्या या कॅन्सरमध्ये दहांपैकी नऊ जणांना एका विशिष्ट गोळीचा उपयोग होण्यासारखा असतो. ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते, पण ती घरी बसून घेता येते.

आता बहिणींना दोन शब्द. तुम्ही गालात हसत ऐकत आहात, ते आम्ही पाहतो. पण हा रोग मुख्यतः तुमचा आहे. आपल्या देशातील बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली एक मोठे काम सुरू केले. वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. त्यांतल्या अर्ध्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासली. वीसहून अधिक वर्षांनी, २०२१ साली, निकाल छापून आला. तपासलेल्या बायकांत रोग लवकर सापडला. आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मरण जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, मोठा खर्च नाही. शिकलेला हात. तेव्हा आरोग्यसेविका दारी आली तर "काही नाही मले" म्हणून परत लावू नका. पुरुषांसाठी अशी घरोघर तपासणी नसते, कारण त्यांना रोग क्वचित होतो. म्हणून पुरुषाने स्वतःच लक्ष ठेवायचे. आणि नवऱ्याची बंडी धुताना डाग दिसला, तर धुऊन टाकू नका. आधी विचारा.

पैशाची चिंता कराल. आधी गावच्या आरोग्य केंद्रात किंवा भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. पुढे नागपूरला कॅन्सरचे दवाखाने आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. राशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्या. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा. आता तुम्हाला वाचता येते. भिंतीवरची पाटी वाचा, कागद वाचून सही करा.

नागपूरच्या एका कॅन्सर रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. ज्यांची खंजिरी आपल्या बापजाद्यांनी ऐकली, त्या महाराजांनाही कॅन्सरच झाला होता. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी मोझरीला देह ठेवला. एवढ्या थोर माणसाला जो रोग झाला, तो पाप केल्याने होतो असे कोण म्हणेल? रोग म्हणजे रोग. त्यात शरम कसली?

मंडळी, आपले गाव नदीकाठचे. पावसाळ्यात कारध्याला वैनगंगेचे पाणी मोजतात. पाणी किती चढले, हे खालच्या गावांना कळवतात. २०२० च्या ऑगस्टअखेर केवढा पूर आला होता, ते तुम्ही विसरला नसाल. पाणी मोजल्याने पूर येत नाही. पाणी मोजले म्हणून गुरेढोरे सोडवायला, पोरेबाळे हलवायला वेळ मिळतो. तपासणीचेही तसेच आहे. तपासल्याने रोग होत नाही. तपासल्याने वेळ मिळतो. आमच्या सोबत्याला तो वेळ मिळाला नाही.

जाता जाता पाच गोष्टी वहीत लिहून घ्या.

१. पुरुषालाही छातीत गाठ येते.
२. दुखत नाही म्हणून गाठ सोडून देऊ नका.
३. रक्ताचा डाग, आत गेलेली बोंडी, बरी न होणारी जखम, काखेतली गाठ, यांतले काहीही दिसले तर लगेच दवाखाना.
४. गाठ पिळू नका, डागू नका, लेप लावू नका.
५. माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणा, आणि विचारणाऱ्याला दवाखान्यात घेऊन जा.

पाचवी गोष्ट आम्ही आमच्यासाठी लिहिली आहे. पण तुम्हीही ती पाठ करा. कारण आता तुम्ही साक्षर झालात. उद्या गावातला कोणी बंडी वर करून तुम्हालाच विचारील. त्या वेळी हसू नका. त्याचा हात धरा आणि पुलावरून पलीकडे न्या.